कॉलेजच्या खाण बचाव पथकात नाव द्यावं का? आणि तिथे नेमकं काय शिकायचं असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही नागपुरात मायनिंग इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहात. विभागात विद्यार्थ्यांचं रेस्क्यू पथक सुरू करायचं चाललं आहे आणि तुम्हाला नाव द्यायचं आहे. आई म्हणते, "दुसऱ्यांचे जीव वाचवायला आपलीच पोर कशाला?" मित्र म्हणतात, प्लेसमेंटला याचा काही उपयोग नाही. परदेशातल्या विद्यापीठांची उदाहरणंही तुम्ही दिली आहेत. आणि मुलींना यात घेतात का, हेही तुम्ही विचारलं आहे.

मी कोळशाच्या भूमिगत खाणींत २८ वर्षं काढली. त्यातली बरीचशी वर्षं माझं नाव 'रेस्क्यू ट्रेंड', म्हणजे बचावाचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसांच्या यादीत होतं. शेवटी बचाव केंद्रावर शिकवलंही, त्यात कॉलेजची मुलंही होती. त्या अनुभवावरून लिहितो. लांबेल, पण तुमचा प्रश्न दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.

आधी आईंचा प्रश्न. खऱ्या अपघातात कॉलेजच्या विद्यार्थ्याला कोणीही आत पाठवत नाही. ज्या हवेत श्वास घेता येत नाही तिथे शिरण्याचं काम १९८५ च्या खाण बचाव नियमांखाली निवडलेल्या, प्रशिक्षित माणसांचं आहे. त्यांची वैद्यकीय तपासणी होते, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागतं, बचाव केंद्रावर पूर्ण प्रशिक्षण होतं आणि पुढेही ठरावीक काळाने सराव करत राहावं लागतं, नाहीतर नाव यादीतून निघतं. कॉलेजच्या पथकाचा टी-शर्ट घातल्याने यातलं काहीच होत नाही. हे आईंना स्पष्ट सांगा.

मग हे शिकायचं कशासाठी? तुम्ही पदवी घेऊन नोकरीला लागाल. काही वर्षांनी एखाद्या पाळीची जबाबदारी तुमच्याकडे येईल. रात्री दोन वाजता आतून फोन येईल: "साहेब, रिटर्नमध्ये धूर दिसतोय." रिटर्न म्हणजे खाणीतली वापरलेली हवा बाहेर जायची वाट. बचाव पथक पोहोचायला वेळ लागतो. तोवरचे सगळे निर्णय तुमचे असतात. वीज कुठली तोडायची, माणसं कुठल्या वाटेने बाहेर काढायची, मुख्य पंख्याला हात लावायचा की नाही, लॅम्प रूममध्ये किती दिवे परत आले आणि किती आत आहेत. पथक आल्यावर त्यांना आत सोडायचं की थांबवायचं, या निर्णयातही तुमचा वाटा असतो. ज्याने श्वासाचं यंत्र एकदाही पाठीवर घेतलेलं नाही, त्याला "जा आत" म्हणणं फार सोपं जातं. मी विद्यार्थ्यांच्या पथकाच्या बाजूने आहे ते याच कारणासाठी.

आता यंत्राबद्दल, कारण खरी शिकवण तिथेच आहे. अग्निशमन दलाच्या जवानांच्या पाठीवर दाबाखालच्या हवेची टाकी असते. सोडलेला श्वास बाहेर जातो आणि टाकी साधारण अर्ध्यापाऊण तासात संपते. खाणीत तेवढ्या वेळात आपण धड फेसपर्यंतही, म्हणजे कोळसा काढायच्या जागेपर्यंतही, पोहोचत नाही. म्हणून खाणीत बंद चक्राचं यंत्र वापरतात, उदाहरणार्थ ड्रेगर कंपनीचं बीजी-४. सोडलेला श्वास एका डब्यातून जातो, त्यातली रसायनं कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात, सिलिंडरमधून थोडा ऑक्सिजन मिसळतो आणि तीच हवा पुन्हा नाकाशी येते. शोषण्याच्या त्या क्रियेत उष्णता निघते, म्हणून यंत्रात बर्फाची लादी घालायची सोय असते. तरीही तासाभराने श्वास गरम आणि ओला येऊ लागतो. पाठीवर सुमारे १५ किलो, तोंडावर घट्ट रबर, कानात स्वतःच्याच श्वासाचा आवाज. पहिल्यांदा घातल्यावर दहापैकी दोन-तीन मुलांना मास्क उपटून फेकावासा वाटतो. ही भित्रेपणाची खूण नाही. ती इच्छा कधी येते आणि कशी शमते हे जमिनीवर, उजेडात, शिक्षक शेजारी असताना कळलेलं बरं.

या यंत्राला 'चार तासांचं' म्हणतात. ते चार तास येतात कुठून, हा हिशेब मी पहिल्याच दिवशी फळ्यावर मांडायला लावतो. दोन लिटरचा सिलिंडर, २०० बार दाब, म्हणजे सुमारे ४०० लिटर ऑक्सिजन. भागिले २४० मिनिटं. मिनिटाला साधारण १.७ लिटर. पण स्ट्रेचरवर माणूस घालून चढावर ओढताना धट्टाकट्टा गडी मिनिटाला दोन लिटरच्या वर सहज जातो. म्हणजे चार तास हे बेताने काम करणाऱ्याचे चार तास. त्यात जाण्याच्या वाटेला लागला त्याच्या दुप्पट ऑक्सिजन परतीसाठी धरायचा. जाताना आपण ताजे असतो आणि बहुधा उतारावर चालतो. येताना दमलेले, चढावर आणि कदाचित कोणाला तरी उचलून. वर ५० बार राखीव. मग २०० मधले हाती उरले १५०, त्याचा एक भाग जायला आणि दोन भाग यायला. म्हणजे काटा १५० वर आला की मागे फिरायचं. सिलिंडर तीन चतुर्थांश भरलेला असताना!

हे गणित कोणीही मान डोलावून ऐकतं. ते अंगी कसं उतरतं त्याचा एक प्रसंग सांगतो. माझ्या नोकरीचं चौथं वर्ष होतं. वर्धा खोऱ्यातला कोळसा आपोआप तापण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे. तिथल्या एका खाणीत तापलेला भाग विटांच्या स्टॉपिंग, म्हणजे हवा अडवणाऱ्या भिंती, बांधून बंद केलेला होता. बाहेरच्या रिटर्नमध्ये कार्बन मोनॉक्साइड सापडत होता. आम्हाला यंत्रं घालून जायचं होतं आणि शेवटच्या स्टॉपिंगची अवस्था बघून हवेचा नमुना आणायचा होता. मी चौथ्या नंबरवर होतो. कॅप्टन दर थांब्याला प्रत्येकाच्या काट्यावर दिवा धरून आकडा वाचायचा. तिसऱ्या थांब्यावर बाकीच्यांचे काटे १६५ च्या आसपास, माझा १४५. आम्हाला गाठायचं होतं ते स्टॉपिंग दोन पिलर (छत तोलायला सोडलेले कोळशाचे खांब) पुढे होतं. दिव्यात त्याची पांढरी चुन्याची कड दिसल्यासारखी वाटत होती. कॅप्टनने माझ्याकडे बोट केलं, मग सगळ्यांना वळायची खूण केली.

मला भयंकर राग आला. माझ्यामुळे सगळं पथक रिकाम्या हाताने परतलं, तेही १४५ बार शिल्लक असताना. वर आल्यावर मी त्याच्याशी वाद घातला. तो काहीच बोलला नाही. यंत्र तपासणीच्या टेबलावर ठेवलं तेव्हा सिलिंडरच्या जोडाजवळचा वॉशर कडेला दुमडलेला सापडला. तो बसवताना मी घाई केली होती आणि गळतीची तपासणी नुसती उरकली होती. पुढच्या दोन पिलरमध्ये काटा किती वेगाने उतरला असता, कोण जाणे. पथकातल्या सगळ्यांचा मिळून ऑक्सिजन नसतो. सर्वांत कमी ज्याच्याकडे असेल, तेवढाच पथकाचा. हे वाक्य मी आधी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. त्या दिवसापासून मी कोणाचंही यंत्र त्याने माझ्यासमोर तपासल्याशिवाय आत नेलं नाही.

विद्यार्थ्यांच्या सरावात शिक्षकाने एखाद्याचा काटा मुद्दाम कमी धरायला लावावा आणि कॅप्टन काय करतो ते बघावं. बहुतेक कॅप्टन पहिल्या वेळी पुढेच जातात. 'जखमी' समोर दिसत असतो, स्पर्धेचं घड्याळ चालू असतं. त्या दिवशी सरावानंतर जी चर्चा होते, तिचं मोल धुराच्या खोलीत घालवलेल्या तासांपेक्षा मला जास्त वाटतं. २००७ साली अमेरिकेतल्या युटामधल्या क्रँडल कॅन्यन खाणीत सहा कामगार अडकले. त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी खोदकाम चालू असताना दहाच दिवसांनी पुन्हा कोळसा उसळून ढासळला आणि सोडवायला गेलेले तिघं मेले. ते सहा जणही वाचले नाहीत. आईंची भीती खोटी नाही, हे म्हणूनच मी आधी मान्य करतो.

दुसरी मोठी गोष्ट नकाशाची. पाच-सहा जणांचं पथक आत जातं, आणि ताज्या हवेच्या तळावर एक जण टेलिफोन आणि नकाशा घेऊन बसतो. आतल्या कॅप्टनच्या हातातला नकाशा आणि तळावरचा नकाशा क्षणोक्षणी सारखा राहायला हवा. जिथवर पाहणी झाली तिथे पिलरवर खडूने आद्याक्षरं आणि तारीख लिहायची, तेच तळावर नोंदवायचं. एकदा सरावात आतल्या मुलाने फोनवर सांगितलं, "डावीकडे स्टॉपिंग फुटलंय." तळावरच्या मुलीने नकाशावरची डावी बाजू धरली. आतला मुलगा तेव्हा परत फिरून तळाकडे तोंड करून उभा होता. दोघांच्या डाव्या बाजू वेगळ्या. सराव संपला तेव्हा दोन नकाशांवर फुटलेलं स्टॉपिंग दोन वेगळ्या गॅलऱ्यांत, म्हणजे बोगद्यांत, होतं. खरा प्रसंग असता तर हवा कुठून कुठे जाते आहे याचा सगळा अंदाजच चुकला असता. तेव्हापासून आमच्या सरावात 'डावं-उजवं' बंद. डिप (उताराची बाजू), राइज (चढाची बाजू), लेव्हलचा म्हणजे आडव्या वाटेचा नंबर, पिलरचा नंबर, एवढंच बोलायचं आणि समोरच्याने ते परत म्हणून दाखवायचं.

नकाशाचं महत्त्व आपल्या देशाने फार मोठी किंमत मोजून शिकलेलं आहे. २७ डिसेंबर १९७५ ला झरियाच्या कोळसापट्ट्यातल्या चासनाला खाणीत जुन्या कामांतलं साठलेलं पाणी घुसलं आणि ३७५ माणसं गेली. तिथे बचावाला वेळच मिळाला नाही. २००१ मध्ये झरियाच्याच पट्ट्यात बागडिगीला शेजारच्या जुन्या कामांतलं पाणी फुटून २९ जण गेले. उलट १९८९ च्या नोव्हेंबरात राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी शिरल्यावर अडकलेल्या माणसांच्या नेमक्या वर जमिनीवरून भोक पाडलं गेलं, आणि एक माणूस मावेल अशी पोलादी कुपी सोडून ६५ जणांना एकेक करून वर काढलं. खाण अभियंता जसवंतसिंग गिल स्वतः त्या कुपीतून खाली उतरले, त्यांचं धाडस सगळ्यांना माहीत आहे. मी विद्यार्थ्यांना विचारतो, भोक नेमकं त्याच जागी पाडायचं हे कशावरून ठरलं? खाली माणसं कुठल्या बाजूला, कुठल्या उंचीवर तगली असतील, हे सर्व्हेच्या नकाशावरूनच काढावं लागतं. सर्व्हेचं प्रॅक्टिकल कंटाळवाणं म्हणून प्रॉक्सी लावणाऱ्या मुलांनी ही गोष्ट मनात ठेवावी.

तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात: आत असलेल्या माणसाने स्वतः बाहेर पडणं. कंबरेला लटकणारा सेल्फ रेस्क्यूअर, म्हणजे विषारी हवेतून बाहेर पडण्यापुरतं श्वासाचं छोटं यंत्र, प्रत्येक खाणकामगाराला रोज दिसतो, पण डोळे मिटून उघडायला सांगा, निम्म्यांना जमत नाही. गाळणीच्या प्रकारात मँगनीज आणि तांब्याच्या ऑक्साइडचं मिश्रण असतं, ते कार्बन मोनॉक्साइडचं रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये करतं. (मँगनीज ऑक्साइड म्हणजे आपल्या भंडारा-नागपूर पट्ट्यातल्या खनिजाचंच भाईबंद, हे सांगितलं की मुलांना ते पक्कं लक्षात राहतं.) हे होताना उष्णता निघते. हवेत विष जितकं जास्त, तितका श्वास गरम. माणसाला वाटतं यंत्र बिघडलं, आणि तो ते काढून टाकतो. ज्या क्षणी ते सर्वांत जास्त काम करत असतं, नेमक्या त्याच क्षणी. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त जोराने चिकटतो. शिवाय हवेत ऑक्सिजनच कमी असेल तर गाळणी निरुपयोगी, तिथे स्वतःचा ऑक्सिजन तयार करणारा दुसरा प्रकार लागतो. हा फरक आणि ते गरम श्वासाचं भान, दोन्ही मी प्रत्येक विद्यार्थ्याकडून घोटून घेतो, पथकात असो वा नसो.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगतो, कारण मी तुमचं कॉलेज पाहिलेलं नाही.

परदेशातली उदाहरणं तुम्ही दिलीत ती खरी आहेत. कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सकडे आयडाहो स्प्रिंग्जजवळ स्वतःची एडगर खाण आहे. मिसुरी विद्यापीठाच्या रोला इथल्या कॅम्पसलाही स्वतःची प्रायोगिक खाण आहे. जर्मनीत फ्रायबर्गच्या विद्यापीठाकडे राइखे त्सेखे ही जुनी चांदीची खाण शिकवण्यासाठी आहे. तिथले विद्यार्थी खरोखरच्या बोगद्यात सराव करतात. आपल्याकडे बहुतेक कॉलेजांपाशी असं काही नाही. म्हणून पहिला प्रश्न हा की बचाव केंद्राशी लेखी करार आहे का. वेकोलिचं (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचं) केंद्र नागपुरातच असल्याने तुमच्यासाठी ते अवघड नाही. करार नसेल आणि कोणी उत्साही प्राध्यापक बंद पडलेल्या इनक्लाइनमध्ये (खाणीत उतरत जाणाऱ्या बोगद्यात) 'जरा बघून येऊ' म्हणत असेल, तर अजिबात जाऊ नका. बंद खाणीच्या तोंडाशीही ऑक्सिजन कमी असू शकतो, आणि माणूस दोन पावलांत कोसळतो.

दुसरं, पहिल्या सत्रात यंत्राला हात न लावणारा कार्यक्रम असेल तर तो चांगला समजा. प्रथमोपचार, वायूंची ओळख, मिथेन कशाने आणि कधी पेटतो (हवेत साधारण ५ ते १५ टक्के), आपल्या नियमांत १.२५ टक्क्याला माणसं का मागे घ्यायची, हवेचा प्रवाह नकाशावर काढणं, गाठी, स्ट्रेचर. एवढं झाल्यावर यंत्र उघडून जोडणं, मग मैदानावर घालून चालणं, आणि शेवटी गरम-दमट गॅलरी. जिथे पहिल्याच आठवड्यात धुराची खोली आणि फोटो, तिथे मला काळजी वाटते.

तिसरं, सरावाच्या वेळी काय काय हजर असतं ते विचारा. डॉक्टर किंवा प्रशिक्षित प्रथमोपचारक, आधी आणि नंतर नाडी मोजणं, आत गेलेल्या गटासाठी बाहेर यंत्र घालून तयार उभा असलेला दुसरा गट, आणि "हा सराव नाही, खरोखर त्रास होतोय" हे सांगायचा ठरलेला शब्द. चक्कर येणारा मुलगा नाटक करतोय असं समजून मित्र हसत राहिलेले मी पाहिले आहेत. तो शब्द त्यासाठीच.

तब्येतीचं म्हणाल तर दमा, फिट येणं, हृदयाचा त्रास असेल तर लपवू नका. दाढीमुळे मास्क नीट बसत नाही, मग तिथून विषारी हवा शिरते. पण ज्याला मास्क घालता येत नाही त्याच्यासाठीही पथकात भरपूर काम आहे. माझ्या पाहण्यातली तळ सांभाळणारी सर्वांत उत्तम मुलगी दम्यामुळे कधीच आत गेली नाही. नकाशा तिच्या हातात असला की आतली मुलं निश्चिंत असायची.

मुलींबद्दल: पूर्वी कायद्यानेच महिलांना भूमिगत कामाला मनाई होती. जानेवारी २०१९ मध्ये तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामासाठी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत ती उठली. राजस्थानातल्या जस्ताच्या खाणींत महिलांचं बचाव पथकही उभं राहिलं आहे. शरीराचं म्हणाल तर उंचपुरा पैलवान हाच चांगला बचावकर्मी, हा समज चुकीचा आहे. पैलवान ऑक्सिजन जास्त खातो, आणि वर आपण हिशेब मांडलाच आहे.

प्लेसमेंटबद्दल मित्रांचं अर्धं बरोबर आहे. कॉलेजच्या पथकामुळे गॅस टेस्टिंगचं किंवा प्रथमोपचाराचं वैधानिक प्रमाणपत्र मिळत नाही, मॅनेजरच्या परीक्षेतली अट सुटत नाही, आणि कंपनी तुम्हाला बचाव केंद्रावर पुन्हा पहिल्यापासून शिकवेल. देशातला बहुतेक कोळसा आज खुल्या खाणींतून निघतो, त्यामुळे तुमची पहिली नोकरी डंपर आणि शॉव्हेलच्या मध्येही असू शकते. पण मुलाखतीत मी समोर बसायचो तेव्हा एक प्रश्न हमखास विचारायचो: "रिटर्नमध्ये धूर आहे, आत सतरा माणसं आहेत, पहिली पाच मिनिटं काय करशील?" ज्याने सराव केलेला असतो तो आधी विचारतो, "सर, कुठल्या डिस्ट्रिक्टच्या रिटर्नमध्ये?" (डिस्ट्रिक्ट म्हणजे खाणीचा एक विभाग.) बाकीचे थेट आत धावतात.

म्हणून माझं मत, करार, डॉक्टर आणि पायरीपायरीचा कार्यक्रम असेल तर नाव द्या. पहिल्या सरावाला आईंना बोलवा, पालक मैदानावर बसून बघू शकतात आणि बहुतेक शिक्षकांना ते आवडतंही. तुम्हाला चष्मा आहे का, ते लिहिलं नाहीत. असेल तर मास्कच्या आत बसणाऱ्या फ्रेमचं आत्ताच विचारून ठेवा. साध्या चष्म्याच्या काड्या कानाजवळ मास्कची कड उचलतात, आणि ती फ्रेम नंबरप्रमाणे बनवून यायला वेळ लागतो.